अंगठ्याखालचं बटण

वास्तुशांतीचं पुण्याहवाचन अर्ध्यावर आलं आणि माझं तोंड बंद पडलं.

समोर यजमान जोडपं हात जोडून बसलेलं. नव्या फ्लॅटच्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. उजव्या हातातली पळी हवेत तशीच राहिली, डावा हात कशाला कोण जाणे मांडीवरून उचलला गेला, आणि पुढचा शब्द काय, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं म्हणजे अजिबात नव्हतं. ज्या मंत्रांवर मी निम्म्या सांगलीचे गृहप्रवेश करून दिले, त्यांतला एक शब्द जिभेवर यायला तयार होईना. शेजारी बसलेल्या कुंदाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि जणू तिचीच पाळी आहे अशा थाटात पुढचा मंत्र उचलला. यजमानांना काही कळलं नाही. यजमान बहुतेक वेळा जेवणाचा विचार करत असतात, हे आमच्या व्यवसायाचं मोठं भाग्य.

परतताना रिक्षात कुंदाने विचारलं, आज उपास होता का. मी नाही म्हटलं. मग जागरण झालं असेल, असं तिनेच ठरवलं आणि मी मान हलवली. कुंदा बर्वे आणि मी एकाच वर्गात पौरोहित्य शिकलो. आम्ही दोघी एखाद्या घरी पूजा सांगायला गेलो की लोक आधी आमच्या मागे बघायचे, गुरुजी अजून मागून येतायत की काय म्हणून. त्या दिवसांपासूनची ही मैत्रीण. तिच्यापासून मी काही लपवलं नव्हतं. हे मात्र लपवलं.

कारण हे पहिल्यांदा घडत नव्हतं. दिवाळीनंतर एका मुंजीत असंच झालं होतं, मग एका लग्नात लाजाहोमाच्या वेळी. दोन्ही वेळा खोकल्याचं सोंग आणून मी वेळ मारून नेली होती.

आणि मला आईची आठवण येत होती. माझी आई शेवटची काही वर्षं मलाच विचारायची, "बाई, तुम्ही कुणाच्या?" तिचं ते विसरणं सुरू झालं एका साध्या संध्याकाळी. देवापुढे बसून रोजचं स्तोत्र म्हणता म्हणता ती मध्येच थांबली आणि हसून म्हणाली, "पुढं काय गं, कुमुद?" आम्ही सगळे हसलो. त्या हसण्याची मला पुढे किती लाज वाटली ते माझं मला माहीत. आता मी तिच्या वयाला पोचत होते आणि माझीही जीभ तशीच मध्येच थांबू लागली होती.

वैशाखात माधुरी मणेरीकरच्या मुलीचं लग्न होतं. मी स्वतंत्रपणे लावलेलं पहिलं लग्न माधुरीचं. बाई लग्न लावणार म्हटल्यावर तिच्या सासरचे अर्धे लोक रुसले होते, आणि ती पोरगी हळद लागल्या अंगाने बापापुढे उभी राहून म्हणाली होती की लावतील तर शिंत्रेकाकूच, नाहीतर नोंदणी कचेरीत जाते. आता तिची ऋजुताही तेच म्हणत होती. मी मनाशी ठरवून टाकलं. तोवर कुणाला काही सांगायचं नाही. ऋजुताचं लग्न धडपणे लागलं तर पुढचं पुढे बघू. तिथेही जीभ अडली, तर पोथी कायमची बांधून ठेवायची आणि मुकाट्याने डॉक्टरांपुढे जाऊन बसायचं.

घरात मी सगळं डोळ्यांवर ढकललं होतं. डोळ्यांचं नाव घेतलं की कुणी खोलात शिरत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन पावसाळ्यात झालेलंच होतं. त्यानंतर माझ्या सुनेने, रेणुकाने, मोठ्या हौसेने माझी सगळी पोथी ठळक अक्षरांत टाइप करून दसऱ्याला तिची जाडजूड वही बांधून दिली होती. जुनी पोथी सुट्या पानांची, तुपाने पारदर्शक झालेली, कडा हात लावला की गळायच्या. ती मी लाल फडक्यात बांधून कपाटात ठेवून दिली.

रेणुका बँकेत कॉम्प्युटरच्या विभागात होती. मला अलीकडे मंत्राची जागा लवकर सापडत नाही, असं मी म्हटल्यावर तिने लगेच उपाय काढला. "आई, ती वही वागवण्यापेक्षा हातात मावणारा कॉम्प्युटर घ्या ना. अक्षर हवं तेवढं मोठं होतं. आणि शब्द टाकला की तीच जागा पुढ्यात."

शब्दच आठवत नसेल तर टाकू काय, हे मी बोलले नाही. पण बुडत्याला काहीतरी धरायला हवं असतं. खरं तर आम्ही पुरोहित पोथी समोर उघडी ठेवतो, पण वाचत नाही. तोंड आपोआप चालतं आणि डोळे यजमानांच्या हातांवर असतात, कारण यजमान पाणी ताम्हनात सोडण्याऐवजी कुठेही सोडू शकतात. जीभ अडली की मात्र ती ओळ वहीत हुडकेपर्यंत घाम फुटायचा. यंत्र ती पटकन दाखवणार असेल तर दाखवू दे.

कापडपेठेच्या तोंडाशी इरफान शिकलगारचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. चाळिशीचा, बोलायला मऊ माणूस. रेणुकाबरोबर आत शिरताच मी हा दाखवा तो दाखवा सुरू केलं, तर त्याने हातानेच थांबवलं.

"काकू, यंत्र नंतर बघू. आधी सांगा, वापरणार कुठं?"

"पूजेला."

"बसून का उभ्यानं?"

बसून, मी म्हटलं. मग त्याने विचारलं की तिथे उजेड कसा असतो, हात मोकळे असतात का, किती वेळ सलग लागेल, बरोबर कोण असतं. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यासारखे त्याचे प्रश्न संपेनात. मी सांगितलं की उजव्या हातात पळी असते, डावा जरा रिकामा असतो, होमाचा धूर असतो, आणि पाणी, तूप, हळद-कुंकू सगळीकडे. त्याने ते सगळं शांतपणे ऐकलं आणि काचेवर एक राखाडी रंगाची पाटी ठेवली. चमक नाही, आतून उजेड नाही. कागदावर छापल्यासारखी काळी अक्षरं आणि डाव्या कडेला पान उलटायचं एक बटण.

"माझं ऐकाल तर हा न्या. दिसायला गरीब आहे, पण तुमच्या कामाचा आहे."

रेणुका माझ्या कानाशी पुटपुटली की हा हिशेबाच्या यंत्रासारखा दिसतो. मलाही तो काही भावला नाही. कारण त्याच्या शेजारी दुसरा एक होता, पितळी ताटाएवढा, झगझगीत. त्याच्यावर बोट फिरवलं की पडद्यावरचं पान खऱ्या पानासारखं वळायचं, आणि वळताना सळसळ असा बारीक आवाजही यायचा. मी ते पान पाच-सहा वेळा उलटून बघितलं. कशी कोण जाणे, त्या आवाजाने मला फार बरं वाटलं. पूजेला बसल्यावर लोकांनाही दिसायला हवं की काकू काळाच्या मागे नाहीत. मी तोच घेतला. इरफान एवढंच म्हणाला की खोकं टाकून देऊ नका, बदलायचा झाला तर लागेल.

रविवारी घरात खोटं लग्न मांडलं. आमचे हे वधूपिता, रेणुका एकटीच वधू आणि वर. हे वीज खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे घरातल्या प्रत्येक यंत्रावर त्यांचा जन्मसिद्ध अधिकार. त्यांनी आधी त्या कॉम्प्युटरला चारी बाजूंनी न्याहाळून घेतलं आणि मग धोतर नसल्यामुळे पायजम्यावरच कन्यादानाला बसले.

आचमन झालं आणि पहिलं पान उलटायची वेळ आली. माझं बोट ओलं. पडद्याला ते ओळखच देईना. पदराला पुसून पुन्हा फिरवलं तर एकदम तीन पानं गेली. ती मागे आणेपर्यंत ह्यांच्या पळीतला एक थेंब पडद्यावर पडला, आणि त्या थेंबाने जे काम माझं बोट करत नव्हतं ते झपाट्याने केलं. पानंच्या पानं सळसळत पळाली आणि थेट सप्तपदीवर जाऊन थांबली.

"कुमुद," हे गंभीरपणे म्हणाले, "कन्यादान राहिलं आणि पोरगी निघाली की."

रेणुका हसून लोळायची बाकी राहिली. मीही हसले, पण मनात आलं, हे लग्नमंडपात झालं असतं तर?

दुसऱ्या दिवशी इरफानने यंत्र परत घेतलं. मी सांगितलं होतं, असं त्याने शब्दाने काय, नजरेनेही म्हटलं नाही. पडद्यावरचे तुपाचे डाग फडक्याने पुसत त्याने फक्त समजावलं की ह्याला पाण्याचा थेंब म्हणजे बोटच वाटतं. आणि ती राखाडी पाटी पुन्हा काचेवर ठेवली. रात्री रेणुकाने तिच्यात पोथी भरून दिली.

पाटी खरंच कामाची निघाली. डाव्या हातात धरली की अंगठा नेमका बटणावर यायचा. अंगठा ओला असो, तुपाचा असो, बटणाला त्याचं काही नव्हतं. मंगळवारी दुपारी पुन्हा खोटं लग्न मांडलं. रेणुका बँकेत होती म्हणून या वेळी फक्त हे आणि मी. गणपतीपूजन छान झालं. पुण्याहवाचन सुरू झालं, आणि बरोबर त्याच जागी, जिथे वास्तुशांतीला अडले होते तिथेच, मी थांबले.

समोर अक्षरं होती, चांगली हरभऱ्याएवढी. ती मला दिसत होती आणि तरी त्यांतलं पुढचं कुठलं ते कळत नव्हतं. मी ती ओळ शोधली, पुढे गेले. लाजाहोमात पुन्हा तेच. मी पाटी खाली ठेवली आणि पळीही.

"यंत्राचं काही चुकत नाहीये," मी म्हटलं. "डोळ्यांचंही नाही. मी इतके दिवस खोटं बोलत होते. माझं आईसारखं व्हायला लागलंय."

इतके महिने जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं मी तिथे पाटावर बसल्या बसल्या सांगून टाकलं. मुंजीतलं, लग्नातलं, खोकल्याची सोंगं. आई कशी हसून पुढं काय म्हणाली होती तेही. ह्यांना मी लग्नानंतर दोन-तीनदाच घाबरलेलं बघितलंय. त्या दुपारी ते घाबरले होते. पण माणूस मुळात लाइनमनांच्या मागे फिरलेला. बिघाड म्हटला की आधी तो कुठून कुठवर आहे हे बघायची सवय.

"मला एक सांग," ते म्हणाले. "अडतेस त्या वेळी डावा हात का उचलतेस?"

"कधी?"

"आत्ता दोन्ही वेळा उचललास. पाटीसकट. काहीतरी बाजूला ठेवायचं असल्यासारखा."

ते उठले, कपाटातून लाल फडकं घेऊन आले आणि माझी जुनी पोथी पाटावर ठेवली. म्हणाले, वाचू नकोस, नुसती समोर असू दे आणि नेहमीसारखं म्हण. मी म्हणू लागले. त्या जागेपाशी आले. डाव्या हाताने पान उचललं, उलटं केलं, आणि जीभ कुठेही न अडखळता त्या जागेवरून पलीकडे गेली.

मी थबकले, ती आता वेगळ्याच कारणाने. पान परत उलटलं आणि पाहिलं. मंत्र पानाच्या शेवटी मध्येच तुटला होता. अर्धा या बाजूला, अर्धा त्या बाजूला. आणि मी गेले कित्येक महिने जिथे अडत होते, ती बरोबर ती तुटलेली जागा होती. लाजाहोमातली बघितली. तीही तशीच. मुंजीतली काढली. तीही.

इतकी वर्षं उजव्या हातात पळी आणि डाव्या हाताने पान, असं माझं चाललेलं. जिथे मंत्र मध्येच तोडून पान उलटायचं, तिथे हात आणि जीभ एकदमच पुढे जायची सवय लागलेली. रेणुकाच्या मोठ्या अक्षरांत पानं भलतीकडेच संपत होती. जुन्या जागी आले की हात आपल्या सवयीने पान उलटायला जायचा, तिथे उलटायला काही नसायचं, आणि जीभ बिचारी हाताची वाट बघत उभी राहायची. दसऱ्याला पोथी कपाटात गेली आणि दिवाळीनंतर माझी जीभ अडायला लागली. एवढा साधा हिशेब मला सुचला नाही, कारण भीतीने दुसरा हिशेब आधीच मांडून ठेवला होता.

"म्हणजे मी विसरत नाहीये," मी म्हटलं.

"अक्षरही नाही," हे म्हणाले, आणि त्यांनी डोळे पुसले. मग मला रडू आलं ते थांबेना. तुपाचे हात चेहऱ्याला लागले, त्याचंही भान नव्हतं. कित्येक महिने छातीवर कुणीतरी पाटा ठेवलेला असावा आणि तो उचलून घ्यावा, तसं वाटत होतं.

जुनी पोथीच का नेत नाहीस, असं ह्यांनी विचारलं, तेवढ्यात तिच्या पानाचा कोपरा माझ्या हातात आला. प्रश्न मिटला. संध्याकाळी रेणुका आली, तिला सगळं खरं सांगितलं. तिला आधी वाईट वाटलं, तिच्या वहीमुळे हे झालं म्हणून. मी म्हटलं, अगं, तुझ्या वहीमुळे नाही, माझ्या हट्टी हातामुळे. मग तिने पोथी शेजारी घेऊन पाटीतला सगळा मजकूर नव्याने तोडला. पोथीच्या पानाची एक बाजू, तो एक पडदा. जिथे माझं पान संपतं, तिथेच याचंही संपणार. लग्न होईपर्यंत मी रोज बसून हाताचं काम अंगठ्याला शिकवलं. स्वयंपाक करताना, भाजी निवडताना अंगठा नुसता दाबत असायचे. कुंदाला सांगितलं तेव्हा तिने आधी पाठीत धपाटा घातला.

"मेले, मला नाही सांगायचं?" एवढंच म्हणाली आणि किती तरी वेळ माझा हात हातात धरून बसली.

ऋजुताचं लग्न मिरज रस्त्यावरच्या कार्यालयात होतं. सकाळी निघताना मी ह्यांना विचारलं, पाटी चार्जिंगला लावली होती ना. रात्रभर लावली होती, असं ते ठणकावून म्हणाले. मी गणपतीपूजनाचं पान उघडून पाटी डाव्या हातात धरली आणि सुरुवात केली.

पुण्याहवाचनातली ती जागा जवळ आली. कुंदा शेजारी सावरून बसली, वेळ आलीच तर उचलायला. मी वधूपित्याच्या हातांकडे बघत राहिले, अंगठा दाबला, आणि जीभ पलीकडे गेली. कुंदाने सोडलेला श्वास मला ऐकू आला. मग मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, मग कन्यादान, मग होम. धूर इतका की समोरचं माणूस दिसेना. लाजाहोमातली जागा त्या धुरात कधी आली आणि कधी गेली, तेही कळलं नाही. सप्तपदीला माधुरी एका खांबाला धरून रडत होती आणि माझ्याकडे बघून हसतही होती. किती तरी महिन्यांनी मी एक लग्न पहिल्यापासून शेवटपर्यंत लावलं होतं, सोंग न आणता.

सगळं आवरताना कुंदाने पाटीवरच्या अक्षता झटकल्या आणि ती तशीच हातात घेऊन उभी राहिली.

"कुमुद, हे बघ जरा."

पडद्यावर गणपतीपूजन होतं.

मी बटण दाबलं. पान हललं नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. पाटी केव्हाच बंद पडली होती. कागदासारखा पडदा तो, बंद पडला तरी शेवटचं पान त्याच्यावर तसंच दिसत राहतं. गणपतीपासून सप्तपदीपर्यंत मी एकाच पानावर अंगठा दाबत आले होते. एकदाही खाली पाहिलं नव्हतं.

घरी फोन केला. ह्यांनी जाऊन बघितलं. चार्जर भिंतीत खोचलेला होता, भिंतीवरचं बटण मात्र चालू केलेलं नव्हतं. आयुष्यभर सगळ्या गावाला वीज पुरवलेल्या माणसाने फोनवर आधी घसा खाकरला. मग म्हणाले, "लग्न लागलं का?"

"लागलं," मी म्हटलं. "सगळं लागलं."

मग मी तिथेच पाटावर बसकण मारली आणि हसत सुटले. जेवायला बोलवायला आलेली माधुरी घाबरून उभी राहिली. तिला काय सांगणार? माझी आई ज्या वाटेने गेली त्या वाटेवर मी नव्हते. मला सगळं येत होतं, आधीही येतच होतं. हे मला कळलं होतंच, पण तेव्हा ते मला पटलं.

याला बरीच वर्षं झाली. अजूनही लग्नं लावते. चष्मा अधूनमधून फ्रिजमध्ये सापडतो, पण मंत्र जागच्या जागी आहेत. मागच्या महिन्यात पाटी घेऊन इरफानकडे गेले. आता दुकान त्याने वाढवलंय, त्याचेही केस पिकले. त्याने पाटी चार्जरला लावून पाहिली, उघडून पाहिली, कानाशी धरून पाहिली.

"काकू, हा गेला. याची बॅटरी आता कुठं मिळत नाही. किती दिवस बंद आहे?"

"झाली असतील दोन-तीन वर्षं."

त्याने एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाला, चांगले नवे आलेत, पाण्यातही चालणारे, दाखवतो.

"नको," मी म्हटलं. "ते बटण तेवढं बघ. जरा कडक झालंय."